लाकडी इंजिन माउंट (मॉडेल विमानांचा)

रेडिओ-नियंत्रित मॉडेल विमानाचे इंजिन सांगाड्याला पक्के धरून ठेवणाऱ्या लाकडी बैठकीस लाकडी इंजिन माउंट म्हणतात. काचतंतू मिसळलेल्या नायलॉनचे किंवा ॲल्युमिनियमचे माउंट तयार मिळतात. तरीही कठीण लाकडाचे दोन दांडे आणि प्लायवूडचा तुकडा यांपासून माउंट घरी बनवण्याची पद्धत जुनी असून ती अजून टिकून आहे. १९४७ मध्ये रे आर्डेन यांचा ग्लो प्लग (तापलेल्या तारेने इंधन पेटवणारा प्लग) बाजारात आला, विमानात बॅटरी आणि कॉइल वाहून नेण्याची गरज संपली आणि छोटी इंजिने हौशी लोकांच्या आवाक्यात आली. त्या पिढीच्या आराखड्यांत इंजिन सहसा लाकडी दांड्यांवरच बसवलेले दिसते.

१९६४ पासून ओझरला हिंदुस्थान एरोनॉटिक्सचा विमान कारखाना असलेल्या आणि सातपूर-अंबडसारख्या औद्योगिक वसाहती जवळ असलेल्या नाशिकमध्ये ॲल्युमिनियमचा माउंट मिलिंग करून घेणे अवघड नाही. परंतु इंजिन बदलले किंवा ते बसवण्याचा कोन अर्ध्या अंशाने फिरवायचा झाला, की पुन्हा वर्कशॉपची पायरी चढावी लागते. लाकडी माउंट मात्र घरच्या करवतीने आणि कानशीने जुळवता येतो, शिवाय लाकूड इंजिनाची थरथरही काही प्रमाणात शोषून घेते.

लाकडी माउंट सहसा तुटत नाही, तो सैल होतो. मिनिटाला १२,००० फेरे घेणाऱ्या टू-स्ट्रोक इंजिनात सेकंदाला २०० स्फोट होतात आणि तेवढ्याच वेळा इंजिनाचे कान (दोन्ही बाजूंना बाहेर आलेले, बोल्टची भोके असलेले भाग) लाकडावर दाबले जातात. लाकूड चेपते, बोल्टचा ताण उतरतो, भोक रुंदावते आणि त्यातून आत झिरपलेले तेल उरलेली पकडही घालवते. लाकडाची निवड, भोके, लेप ही सारी काळजी हा क्रम रोखण्यासाठीच घ्यावी लागते.

रचनेचे तीन प्रकार रूढ आहेत. पहिल्यात दोन दांडे फायरवॉलमधून, म्हणजे विमानाच्या नाकामागील जाड प्लायच्या आडभिंतीतून, आरपार जाऊन मागच्या दुसऱ्या आडभिंतीत रुततात; ताण दोन ठिकाणी वाटला जात असल्याने हा प्रकार सर्वांत भक्कम असतो. ‘४६’ आकाराच्या, म्हणजे सुमारे ७.५ घन सेंमी क्षमतेच्या इंजिनासाठी साधारण १० × १२ मिमी छेदाचे दांडे आणि ६ मिमी प्लायची फायरवॉल पुरते. दुसऱ्या प्रकारात प्लायचे थर चिकटवून केलेल्या पाटीला इंग्रजी ‘यू’ अक्षरासारखी खाच पाडतात. तिसऱ्यात दांडे एका प्लायच्या पाठीवर चिकटवून, कोपऱ्यांत त्रिकोणी पट्ट्या बसवून, तो अख्खा भाग फायरवॉलला बोल्टने जोडतात. तिसरा प्रकार सुटा निघत असला, तरी त्याचा सगळा भार एकाच जोडावर येतो. म्हणून तो लहान इंजिनांपुरताच ठेवणे शहाणपणाचे.

परदेशी आराखड्यांत मेपल किंवा बीच सांगितलेले असते. नाशिकच्या वखारीत त्याऐवजी सागवान आणि शिसव सहज मिळते. जुने वाडे पाडताना निघालेल्या सागवानाला वर्षानुवर्षे वाळलेले म्हणून मागणी असते, पण त्यात मोडके खिळे दडलेले असतात आणि ते करवतीचे दात घालवतात. सागवानाची खरी अडचण त्याच्या अंगच्या तेलाची आहे. चिकटवायचा पृष्ठभाग पॉलिश पेपरने ताजा घासून, ॲसिटोनने पुसून लगेच एपॉक्सी (दोन भाग मिसळून करायचा गोंद) लावले नाही, तर जोड पुढे उकलू शकतो. शिसव जड असते, मात्र ते कमी चेपते. विमानाचे नाक हलके पडत असेल, तर तेच वजन उपयोगी पडते. लाकूड कोणतेही असो, त्यात गाठ नसावी आणि त्याचे तंतू दांड्याच्या लांबीला समांतर असावेत. पावसाळ्यात आणलेला तुकडा घरात काही आठवडे वाळू द्यावा, नाहीतर हिवाळ्याच्या कोरड्या हवेत तो आकसतो आणि घट्ट केलेले बोल्ट ढिले होतात.

इंजिन बहुधा किंचित खाली आणि उजवीकडे वळवून बसवतात. पंख्याची प्रतिक्रिया आणि त्याने मागे फेकलेली हवेची गुंडाळी विमानाला डावीकडे ओढते, ती ओढ उजव्या कोनाने भरून निघते. दोन अंशांचा कोन १०० मिमी लांबीवर सुमारे साडेतीन मिमी सरकतो. म्हणून पंख्याचे केंद्र विमानाच्या मध्यरेषेवरच राहावे यासाठी माउंटचा मध्य फायरवॉलवर तेवढाच डावीकडे घेतात. खालचा कोन दांड्यांच्या वरच्या पृष्ठभागाला उतार देऊन साधतो. कानाखाली वॉशर सरकवून कोन काढण्याची युक्ती चाचणीपुरती ठीक असते. कायमची ठेवल्यास कान एकाच कडेवर टेकतो आणि त्यावर वाकवणारा ताण येतो.

भोकांचे काम घाईने करू नये. इंजिनाच्या धडाच्या (क्रँककेसच्या) दोन्ही बाजूंना जेमतेम अर्धा मिमी मोकळीक ठेवून इंजिन दांड्यांवर ठेवतात, क्लॅम्पने धरतात आणि कानांच्या भोकांतून टोकदार पंचने खुणा करतात. ड्रिल हाताने धरण्यापेक्षा स्टँडवर लावावे, कारण भोक तिरके गेले की बोल्ट कानात अडतो. लाकडात थेट पिळलेले स्क्रू थरथरीने सुटत जातात. त्यापेक्षा आरपार मशीन बोल्ट आणि खालून बसवलेले टी-नट (लाकडात रुतणाऱ्या दातांचे नट) चांगले. ठोकल्याने दांडा चिरू नये म्हणून ते बोल्टनेच ओढून बसवावेत. कान आणि लाकूड यांच्यामध्ये पातळ ॲल्युमिनियमची पट्टी दिली, तर दाब पसरतो आणि चेपणे बरेच कमी होते.

ग्लो प्लगच्या इंजिनांच्या इंधनात मिथेनॉल आणि वंगणतेल असते आणि हे इंधन साधा सेल्युलोज रंग मऊ करून टाकते. त्यामुळे जोड पूर्ण वाळल्यावर फायरवॉल, दांडे आणि विशेषतः भोकांच्या आतल्या भिंती यांवर पातळ एपॉक्सीचे दोन हात देतात. भोकांना लेप द्यायचे राहिले, तर बाहेरून चकचकीत दिसणारा माउंट आतून तेल पीत राहतो. पहिल्या काही उड्डाणांनंतर बोल्ट पुन्हा आवळावेत. पेच आवळला की लाकडातून तेल पाझरताना दिसले, तर तो दांडा बदलणेच योग्य.

विद्युत मोटारींमुळे ग्लो इंजिने कमी झाली असली, तरी मोटार पुढे आणण्यासाठी फायरवॉलवर प्लायची चौकट अजूनही लावली जाते. तिथे तेलाचा त्रास नसतो, पण कोन आणि टी-नट यांचे नियम तेच राहतात. नाशिकभोवती ओझर, देवळाली आणि गांधीनगर येथे विमानतळ व लष्करी ठिकाणे असल्याने विमान कुठेही उडवता येत नाही. चाचणीचे मैदान ठरवण्याआधी डिजिटल स्काय या सरकारी संकेतस्थळावरील नकाशात ते क्षेत्र खुले आहे का, हे पाहावे लागते.