नोंद कुणाची, निगा कुणाची: सामायिक सायकलींची साठ वर्षं

डिसेंबर २०१७ मध्ये पुण्यात औंधला हिरव्या सायकली उभ्या राहिल्या. मोबाइलवरून कोड स्कॅन करायचा की कुलूप उघडतं. काम झालं की ठरलेल्या जागी सायकल लावून निघून जायचं. पुढच्या काही महिन्यांत पिवळ्या सायकली आल्या, मग नारिंगी. कॉलेजची मुलं, आयटीतले नोकरदार, सकाळी फिरायला जाणारे निवृत्त लोक अशा सगळ्यांनी त्या हौसेने चालवल्या. दोन-तीन वर्षांत त्यांतल्या बहुतेक रस्त्यावरून गेल्या. कुलपं तोडलेल्या, सीट काढलेल्या सायकलींचे फोटो पेपरात आले आणि "आपल्या लोकांना शिस्तच नाही" हा निकालही लगेच लागला.

मला हा निकाल अन्यायाचा वाटतो. हेच केंब्रिजमध्ये घडलं, पॅरिसमध्ये घडलं, चीनमध्ये तर फार मोठ्या प्रमाणावर घडलं. सायकल कुठे आहे याची नोंद कोण ठेवतो आणि तिची निगा कोण राखतो, या दोन प्रश्नांभोवती हा सगळा इतिहास फिरतो.

आपल्याकडे याचं एक जुनं उत्तर होतं. महाराष्ट्रातल्या बहुतेक गावा-शहरांत तासावर सायकल भाड्याने देणारी दुकानं होती. मडगार्डवर किंवा चेनकव्हरवर दुकानाचं नाव आणि नंबर रंगवलेला असायचा. दुकानदार वहीत नाव आणि वेळ लिहून घ्यायचा. अनोळखी माणसाला कुणाची तरी ओळख लागायची. सायकल परत आली की तोच ती फिरवून बघायचा, ब्रेक आवळायचा, पंक्चर काढायचा. म्हणजे नोंद आणि निगा एकाच माणसाच्या हातात होती. धंदा लहान होता आणि ओळखीच्या परिघाबाहेर तो वाढू शकत नव्हता. पुढे घरोघरी स्वतःची सायकल आली, मग लूना आणि स्कूटर आल्या, आणि ही दुकानं दुरुस्तीपुरती उरली.

ओळखीच्या परिघाबाहेर जाण्याचा पहिला गाजलेला प्रयत्न १९६५ च्या उन्हाळ्यात ॲमस्टरडॅममध्ये झाला. तिथल्या 'प्रोव्हो' या तरुणांच्या चळवळीने मोटारींनी भरलेल्या शहराविरुद्ध आवाज उठवला होता. त्यांच्यातल्या लूड स्खिमेलपेनिंक या तंत्रज्ञ-कार्यकर्त्याने मांडलेली कल्पना अशी: शहराचा मध्यभाग मोटारींना बंद करावा आणि महापालिकेने दरवर्षी २०,००० सायकली विकत घेऊन, पांढऱ्या रंगवून, कुलूप न लावता रस्त्यावर ठेवाव्यात. ज्याला हवी त्याने घ्यावी, उतरल्यावर पुढच्यासाठी सोडावी. महापालिकेने नकार दिला. तेव्हा कार्यकर्त्यांनी मोजक्या सायकली स्वतःच रंगवून रस्त्यावर ठेवल्या. पोलिसांनी त्या उचलून नेल्या, कारण बिनकुलपाची सायकल रस्त्यावर सोडणं नियमाविरुद्ध होतं. मग कार्यकर्त्यांनी आकड्यांची कुलपं लावली आणि कुलपाचा आकडा सायकलीवरच रंगवून टाकला.

ही योजना 'चोरीमुळे फसली' असं सरसकट सांगितलं जातं. मुळात शहराने ती कधी चालवलीच नाही. स्खिमेलपेनिंक १९६७ मध्ये नगरसेवक झाला आणि त्याने प्रस्ताव पुन्हा हिशेबासकट आणला. त्याचं म्हणणं असं की, सार्वजनिक वाहतुकीत एका प्रवाशाच्या एका किलोमीटरमागे महापालिका जेवढी भर घालते, त्याच्या दहाव्या हिश्शात पांढरी सायकल धावेल. तोही प्रस्ताव फेटाळला गेला. मात्र गडी थांबला नाही. १९७४ मध्ये त्याने ॲमस्टरडॅममध्येच 'विटकार' नावाच्या छोट्या, विजेवर चालणाऱ्या सामायिक गाड्या सुरू केल्या. ठरावीक थांबे, तिथे चार्जिंग, सभासदांना खास किल्ली, आणि कोणती गाडी कुणी घेतली याची नोंद ठेवणारा संगणक. आज आपण ज्याला नवी व्यवस्था म्हणतो तिचे जवळपास सगळे भाग यात होते. पैसा आणि महापालिकेचा पाठिंबा एवढंच नव्हतं. ऐंशीच्या दशकात तो प्रयोग बंद पडला.

त्याच १९७४ मध्ये फ्रान्समधल्या ला रोशेल या बंदराच्या शहरात महापौर मिशेल क्रेपो यांनी पिवळ्या सायकली आणल्या. इथे मागणी करणारी चळवळ नव्हती, खुद्द नगरपालिकाच पुढे होती. रूप बदलत ती सेवा टिकली. गाजावाजा झाला तो ॲमस्टरडॅमचा, पण पुढच्या शहरांना जास्त शिकवण्यासारखं ला रोशेलकडे होतं असं मला वाटतं.

विश्वासावर सोडलेल्या सायकलींचं काय होतं हे १९९३ मध्ये इंग्लंडच्या केंब्रिजमध्ये दिसलं. सुमारे ३०० सायकली ठेवल्या आणि थोड्याच काळात त्यांतल्या बहुतेक नाहीशा झाल्या. १९९५ मध्ये कोपनहेगनने नाणं आणलं. थांब्यावर २० क्रोनरचं नाणं कुलपात घालायचं, सायकल सुटते. परत लावली की नाणं परत. सायकली खास बनवून घेतल्या होत्या: भरीव टायर, आणि दुसऱ्या कुठल्याही सायकलीला बसणार नाहीत असे सुटे भाग. खर्चाचा काही भाग सायकलीवरच्या जाहिरातींतून निघत असे. ही योजना २०१२ पर्यंत चालली. पण नाण्याला नाव नसतं. वीस क्रोनर गेले तर गेले असं म्हणणाऱ्याला पकडायची सोयच नव्हती.

नाव आलं ते कार्डाबरोबर. १९९६ मध्ये पोर्ट्समथ विद्यापीठाने विद्यार्थ्यांना चुंबकीय पट्टीचं कार्ड दिलं. १९९८ मध्ये फ्रान्सच्या रेन शहराने ते संगणकाशी जोडलेल्या थांब्यांपर्यंत नेलं. दुकानदाराच्या वहीचं काम आता संगणक करू लागला. पुढे २००५ मध्ये लिऑनने आणि १५ जुलै २००७ रोजी पॅरिसने हे मोठ्या प्रमाणावर केलं. पॅरिसची 'व्हेलिब' सुमारे १०,००० सायकली आणि ७५० थांब्यांनिशी सुरू झाली आणि सायकलींचा आकडा लवकरच दुप्पट झाला.

पॅरिसचा करार नीट पाहण्यासारखा आहे. सायकली चालवण्याचं काम जेसीडेको या जाहिरात कंपनीने घेतलं, आणि त्या बदल्यात शहरातल्या सोळाशेहून अधिक जाहिरात फलकांचा हक्क तिला मिळाला. म्हणजे सायकल चालत होती फलकांच्या जिवावर. पहिल्या दोन-तीन वर्षांत हजारो सायकली चोरीला गेल्या आणि हजारोंची मोडतोड झाली, तेव्हा तो भार कुणी सोसायचा यावरून कंपनी आणि शहर यांच्यात नव्याने बोलणी करावी लागली. तरीही सेवा बंद पडली नाही, कारण तुटलेली सायकल उचलून दुरुस्त करणं कराराने कुणाच्या तरी गळ्यात बांधलेलं होतं.

कार्ड आलं तरी एक अडचण उरलीच. माणसं उतारावरून सायकलने खाली येतात आणि चढ चढायला मेट्रो पकडतात. संध्याकाळपर्यंत टेकडीवरचे थांबे रिकामे, खालचे भरलेले. मग टेम्पोत भरून सायकली वर न्याव्या लागतात. पॅरिसने उंचावरच्या थांब्यांवर सायकल लावणाऱ्याला १५ मिनिटं जादा फुकट द्यायला सुरुवात केली, तरी टेम्पोंची गरज सुटली नाही. सायकल-सेवेचा मोठा खर्च या ने-आणीत आणि दुरुस्तीत जातो, आणि उद्घाटनाच्या भाषणांत त्याचा उल्लेख क्वचितच होतो.

इथे सायकलींचा रस्ता ट्रकांच्या इतिहासाला येऊन मिळतो. आपली गाडी या क्षणी कुठे आहे हा मूळचा ट्रकमालकाचा प्रश्न. ड्रायव्हरने धाब्यावरून किंवा पंपावरून फोन करेपर्यंत मालकाला पत्ता नसायचा. १९८८ मध्ये अमेरिकेत क्वालकॉमने 'ऑम्निट्रॅक्स' ही उपग्रहामार्फत निरोप आणि ठिकाण कळवणारी यंत्रणा आणली. सुरुवातीचं मोठं गिऱ्हाईक होतं श्नायडर ही ट्रक कंपनी. जीपीएस तेव्हा पूर्ण झालेलं नव्हतं, आणि नागरी वापरासाठी अमेरिकी सरकार त्याच्या संदेशात मुद्दाम चूक घालत असे; ठिकाण शंभर मीटरपर्यंत चुकू शकत होतं. मे २००० मध्ये ही मुद्दामची चूक काढून टाकण्यात आली. तेवढ्या एका निर्णयाने गाडी कोणत्या रस्त्यावर आहे हे साध्या यंत्रालाही कळू लागलं. चिप आणि सिमकार्ड स्वस्त होत गेली, तसा ट्रॅकर ट्रकमधून टॅक्सीत, टॅक्सीतून शाळेच्या बसमध्ये आला. भारतात सार्वजनिक सेवेच्या वाहनांना ट्रॅकर आणि आपत्कालीन बटण बसवण्याचा नियम २०१६ च्या अखेरीस अधिसूचित झाला आणि 'एआयएस १४०' या मानकाप्रमाणे २०१९ पासून नव्या बस-टॅक्सींना लागू झाला. त्यामागे महिला प्रवाशांच्या सुरक्षिततेची मागणी होती. दिल्लीतली डिसेंबर २०१२ ची घटना लोकांच्या मनात ताजी होती.

तोच ट्रॅकर सायकलीच्या कुलपात बसवला चिनी कंपन्यांनी. चीनमध्ये सरकारी सायकल-सेवा आधीपासून होती. हांगझोऊ शहराने २००८ मध्ये सुरू केलेली सेवा नगर परिवहन कंपनीच्या हाती होती, पहिला तास फुकट होता आणि ती वाढत जाऊन जगातल्या सर्वांत मोठ्या सेवांपैकी एक झाली. पण २०१४ मध्ये पेकिंग विद्यापीठात ओफो आणि २०१६ मध्ये शांघायमध्ये मोबाइक सुरू झाली, तेव्हा थांबेच काढून टाकले गेले. मोबाइकच्या कुलपात जीपीएस आणि सिमकार्ड होतं. सायकल कुठेही सोडा, कंपनीला नकाशावर दिसते.

गुंतवणूकदारांचा पैसा ओतला गेला. दोन-अडीच वर्षांत चीनभर सत्तरहून अधिक कंपन्या आणि दोन कोटींहून जास्त सायकली झाल्या. फुटपाथ अडले. ऑगस्ट २०१७ मध्ये शांघायने नव्या सायकली उतरवायला मनाई केली. शहरांच्या कडेला, मोकळ्या मैदानांत जप्त सायकलींचे डोंगर साचले. नोव्हेंबर २०१७ मध्ये ब्लूगोगो बुडाली. डिसेंबर २०१८ मध्ये ओफोकडे अनामत परत मागणाऱ्यांची ऑनलाइन रांग एक कोटीच्या वर गेली.

मोबाइकच्या सायकलीचं ठिकाण तिच्या कंपनीला माहीत होतं. ॲमस्टरडॅमपासून ज्या प्रश्नाने सगळ्यांना छळलं तो सुटला होता. तरीही तुटलेली सायकल रस्त्यावर तशीच पडून राहत होती, कारण ती उचलायला जाणाऱ्या माणसाचा पगार त्या सायकलीच्या भाड्यातून निघत नव्हता. नोंद सर्व्हरवर, निगा कुणाकडेच नाही.

पुण्यात आलेल्या सायकली याच लाटेतल्या. हिरव्या झूमकारच्या 'पेडल'च्या, पिवळ्या ओफोच्या, नारिंगी मोबाइकच्या. ओफोने २०१८ मध्येच भारत सोडला. २०१९ मध्ये मोबाइकनेही परदेशातला पसारा आवरला. बीजिंगमध्ये पैसा आटला म्हणून पुण्यात सायकल मिळेनाशी झाली, आणि दोष मात्र पुणेकरांच्या शिस्तीला लागला. मोडतोड झाली हे खरंच आहे, आणि ज्यांनी ती केली त्यांचं समर्थन करता येणार नाही. पण मोडतोड पॅरिसमध्येही झाली होती. तिथे सायकली दुरुस्त होऊन परत रस्त्यावर आल्या.

आणखी एक गोष्ट पुण्याने स्वतःच गमावली होती. सायकलींचं शहर म्हणून ज्याची ओळख होती, तिथे सायकल चालवायला जागाच उरली नव्हती. २००६ मध्ये कात्रज–स्वारगेट–हडपसर बीआरटीबरोबर (बससाठी राखीव मार्गिकेबरोबर) सायकल ट्रॅक आखले गेले, पण ते जागोजागी तुटलेले, पथारी आणि पार्किंगने भरलेले. पुढे सायकल आराखडा तयार झाला आणि त्याला मंजुरीही मिळाली. ट्रॅक सलग नसताना भाड्याच्या सायकली आणल्या, की त्या सोसायटीच्या आतल्या आणि विद्यापीठाच्या रस्त्यांपुरत्याच राहतात.

जून २०१७ मध्ये, म्हणजे पुण्याच्या थोडं आधी, म्हैसूर आणि भोपाळ इथे थांब्यांच्या पद्धतीने सेवा सुरू झाल्या होत्या. म्हैसूरची 'ट्रिन ट्रिन' साधारण साडेचारशे सायकलींची, पर्यटक आणि स्थानिक दोघांसाठी. आकड्यांनी लहान, गाजावाजा कमी, पण शहराच्या यंत्रणेशी बांधलेली. मला ही बांधणी महत्त्वाची वाटते. लंडन आणि न्यूयॉर्क इथल्या सेवांच्या प्रत्येक फेरीची माहिती, नावं वगळून, सर्वांना खुली असते. कोणत्या थांब्यावरून कोणत्या थांब्याला लोक सायकलने जातात हे कुणालाही तपासता येतं आणि त्यावरून ट्रॅक कुठे हवा हे भांडून मागता येतं. आपल्याकडच्या महापालिकांनी करार करताना ही अट घालायला हवी, आणि तिच्याशेजारी दुसरीही: नादुरुस्त सायकल किती तासांत उचलायची आणि नाही उचलली तर दंड किती.

सध्या मुंबई-पुण्याच्या रस्त्यांवर सामायिक म्हणून जास्त दिसतात त्या विजेवरच्या, लायसन्स न लागणाऱ्या हळू गाड्या. बंगळुरूच्या युलूने सायकलींपासून सुरुवात केली. २०१८ च्या अखेरीस नवी मुंबईत, पुढच्या वर्षी वांद्रे-कुर्ला संकुलात ती आली, आणि विजेवरच्या गाड्यांकडे वळली. त्या आता मोठ्या प्रमाणावर जेवण आणि किराणा पोचवणारी मुलं चालवतात. गाडीचं ठिकाण एका कंपनीला दिसतं, मुलाच्या मोबाइलचं ठिकाण दुसरीला. सायकल-सेवा आणि वाहन-ताफ्यावरची नजर इथे एक झाली आहे. फरक इतकाच की नजर पूर्वी ट्रकवर होती, आता ती दिवसभर माणसावर आहे. भाडं भरतो तोच मुलगा, उशीर झाला तर कापलं जातं तेही त्याचंच. त्याची फेऱ्यांची नोंद त्याला स्वतःला बघायला मिळावी, कापलेल्या पैशाविरुद्ध दाद मागताना पुरावा म्हणून वापरता यावी, ही मागणी आता कायद्यात यायला हवी.