मागच्या शब्दाला टेकणारे शब्द

कोल्हापुरात 'काय करायलायस?' एका दमात येतं. शेवटचं 'यस' म्हणजे मुळातलं 'आहेस'. त्याच्यावरचा आघात, म्हणजे उच्चारातला जोर, गेला, सुरुवातीचे आवाज गळाले आणि उरलेला तुकडा क्रियापदाला चिकटला. पण हाक मारताना 'हायस का घरात?' असंच म्हणावं लागतं, 'यस का घरात?' कुणीच म्हणत नाही. वाक्याच्या तोंडाशी टेकायला मागे शब्दच नसतो. संस्कृतातल्या 'मे' (मला, माझं), 'ते' (तुला, तुझं) या आघातहीन सर्वनामांना पाणिनीने हेच बंधन घातलंय: ती दुसऱ्या पदामागूनच येतात, श्लोकाच्या चरणारंभी नाही (अष्टाध्यायी ८.१.१७-१८).

भाषाशास्त्रात अशा शब्दांना क्लिटिक म्हणतात. मराठीतला सगळ्यात देखणा क्लिटिक म्हणजे 'च'. प्रत्यय ठरावीक जातीच्या शब्दांनाच लागतो. 'च' मात्र नाम, क्रियापद, क्रियाविशेषण, कशालाही लागतो: आईच, येणारच, कालच. 'यासाठीच' चालतं, तसंच 'याचसाठी'ही, म्हणजे जोडून लिहिलेल्या शब्दाच्या पोटातही तो शिरतो.

'एक' म्हणताना शेवटचा 'अ' आपण गिळतो. 'च' लागला की तो 'अ' परत येतो आणि 'च'चा स्वतःचा जातो: ए-कच्. फोनवर दोन्ही शब्द रेकॉर्ड करा, फाइल डब्ल्यूएव्ही स्वरूपात प्रात (Praat) या आवाजाचं चित्र दाखवणाऱ्या मोफत संगणक-प्रणालीत उघडा. 'एक'मध्ये 'क'नंतर आवाज संपतो. 'एकच'मध्ये तिथे छोट्या स्वराचे उभे पट्टे दिसतात, मग क्षणभर शांतता आणि 'च'ची खरखर. खोलीत पंखा चालू असेल तर ही खरखर त्याच्या आवाजात बुडते, म्हणून तो आधी बंद करा.

'ये की', 'बस की' यांतला 'की' लिहिताना सुटा, बोलताना जोडलेला. मध्ये थांबलात तर आग्रह विस्कटतो. 'तो म्हणाला की,' इथेही विराम 'की'नंतर येतो, आधी नाही. उलट 'न विचारता' मधला 'न' पुढे टेकतो. मराठीत असे थोडेच.

टंकताना 'च' आणि 'ही' तोडू नका. 'मीही येतो'चं 'मी ही येतो' झालं, की मजकूर वाचून दाखवणारं यंत्र 'ही' सुटा शब्द समजून त्यावर जोर देऊ शकतं, आणि ऐकणाऱ्याला 'मीसुद्धा' ऐवजी 'ही' कोण, असा प्रश्न पडतो.