औषधापुरती

दुकानातून दारूची बाटली घेऊन नाशिकच्या घरी ग्लास भरायचा, तर कायद्याने खिशात परवाना लागतो. विदेशी मद्याचा एक दिवसाचा परवाना ५ रुपयांना, आयुष्यभराचा १००० रुपयांना. बहुतेकांनी तो डोळ्यांनी पाहिलेलाही नसतो. गंमत त्याच्या भाषेत आहे. मूळ नियमांत हे परवाने द्यायचं कारण म्हणजे प्रकृती राखणं. मजा, सोबत, लग्नकार्य, दिवसभराचा शीण, असलं काही तिथं बसत नाही.

आपल्याकडे पिणाऱ्याला पूर्वीपासून दोनच जागा आहेत, एक वैद्याच्या दारात आणि दुसरी पापाच्या यादीत. ‘औषधापुरती घेतो’ हे वाक्य म्हणूनच इतकं टिकाऊ ठरलं.

चरकसंहिता याबाबतीत आपल्यापेक्षा मोकळी म्हणावी लागेल. मदात्ययाच्या, म्हणजे मद्याने होणाऱ्या आजारांच्या अध्यायातच ती सांगते, की विधीने, प्रमाणात, योग्य वेळी, चांगल्या अन्नासोबत, आपली ताकद ओळखून आणि प्रसन्न मनाने घेतलेलं मद्य अमृतासारखं. मनाची प्रसन्नता तिथं अटींपैकी एक आहे. पुढे व्यवहारात उरलं ते द्राक्षासव. मनुका आणि धायटीची फुलं घालून आंबवलेलं, अंगचंच अल्कोहोल असलेलं. माळकरी घरातही जेवणानंतर दोन चमचे घेतलं जातं आणि त्याला कुणी दारू म्हणत नाही.

नाशिकच्या पेठ, सुरगाणा, त्र्यंबक या आदिवासी पट्ट्यात गोष्ट वेगळी होती. मोहाची दारू देवाला, मयताला, लग्नाला लागायची. घरी गाळायची आणि चारचौघांत बसून संपवायची. इंग्रजांच्या १८७८च्या मुंबई आबकारी कायद्याने हा घरचा व्यवहार गुन्हा ठरवला आणि मक्तेदाराचं दुकान कायदेशीर केलं. ठाणे-कुलाब्यात तर १८९२मध्ये मोहाच्या फुलांवरच कायदा आला. विधीतली वस्तू रोख पैशाने विकत घ्यायची झाली. माझ्या मते पिण्याची रीत बिघडायला सुरुवात इथून झाली. कारण जिथं चारचौघं असतात तिथं ‘आता बास’ म्हणणारं माणूसही असतं.

या दुकानदारीला विरोध झाला तो इथल्याच माणसांकडून. पुण्यातल्या वाढत्या दारूदुकानांबद्दल जोतीराव फुल्यांनी १८८०मध्ये नगरपालिकेला लिहिलं. १९०८मध्ये टिळकांच्या पाठिंब्याने दुकानांपुढे निरोधन, म्हणजे गिऱ्हाइकांना अडवणारं पिकेटिंग, झालं. सरकार दारूवर महसूल कमावतं, म्हणून दारू सोडणं हे देशकार्य, असा तो हिशेब. वारकऱ्यांची तुळशीची माळ तर त्याहून कितीतरी जुनी. निवृत्तिनाथांच्या त्र्यंबकेश्वरात आणि आसपासच्या गावांत ‘त्यानं माळ घातली’ एवढं म्हटलं, की मटण आणि दारू दोन्ही सुटली हे वेगळं सांगावं लागत नाही. गावाने ओळखलेला व्यसनमुक्तीचा असा सोपा मार्ग दुसरा नसेल.

राज्यघटनेच्या ४७व्या कलमाने दारूबंदीला सार्वजनिक आरोग्याशेजारी बसवलं, ‘औषधी उपयोग वगळता’ अशी फट ठेवून. मुंबई राज्याचा दारूबंदी कायदा १९४९चा. गृहमंत्री मोरारजी देसाई दारूबंदीचे कट्टर पुरस्कर्ते. १९५१मध्ये बलसारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने औषधांतल्या अल्कोहोलवरची बंदी उठवली आणि टिंक्चरच्या बाटल्यांना भलतंच गिऱ्हाईक मिळालं. ज्यांना जमलं त्यांनी डॉक्टरचा दाखला जोडून परवाने काढले, बाकीचे हातभट्टीकडे वळले. साठच्या आणि सत्तरच्या दशकांत बंदी सैल झाली, कायदा मात्र राहिला आणि त्याबरोबर ते प्रकृतीचं कारणही.

मग द्राक्षं आली. पिंपळगाव बसवंतला १९८०च्या दशकात फसफसत्या वाइनचा प्रयोग झाला होता. पण खरी गती गंगापूर धरणाजवळ सुला ही वायनरी उभी राहिल्यावर आणि २००१च्या राज्याच्या द्राक्षप्रक्रिया धोरणाने आली. विंचूरला वाइन पार्क झालं. ज्यांच्या घरात दारूचं नाव काढलं जात नाही, असे बागायतदारही शिराज आणि शेनिन ब्लांक ही वाइनची द्राक्षं लावू लागले.

वाइन घरात शिरली ती मात्र जुन्याच दारातून. १९९१मध्ये अमेरिकी टीव्हीवर ‘फ्रेंच विरोधाभास’ गाजला: फ्रेंच लोक लोणी-चीज खातात, तरी त्यांना हृदयविकार कमी, कारण रेड वाइन. पुढच्या वर्षी फ्रेंच संशोधक सर्ज रेनो यांचा निबंध ‘लॅन्सेट’मध्ये आला. नाशिकमध्ये ‘हार्टला चांगली असते हो’ हे वाक्य त्यानंतर इतकं रुळलं, की टेस्टिंग रूममध्ये पहिल्यांदा आलेल्या काकाही ते बोलूनच घोट घेतात. चव आवडली, हे सांगायला संकोच वाटतो.

या दाव्याचं पुढे काय झालं? ‘न पिणाऱ्यां’च्या गटात तब्येत ढासळल्यामुळे दारू सोडलेले बरेच होते आणि बेताने वाइन पिणारे मुळात सुखवस्तू होते. त्यामुळे तुलनाच कलती होती. अल्कोहोलिक पेयं १९८८पासूनच कर्करोगकारकांच्या पहिल्या गटात, म्हणजे खात्रीने कर्करोग करणाऱ्यांत, आहेत. जानेवारी २०२३मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या युरोप कार्यालयाने जाहीर केलं, की सुरक्षित असं कोणतंही प्रमाण नाही. आणि वाइन हलकी असते म्हणावं, तर १२ टक्क्यांच्या वाइनच्या १५० मिलि ग्लासात सुमारे १४ ग्रॅम अल्कोहोल असतं, व्हिस्कीच्या ३० मिलि पेगात सुमारे १०.

त्याआधी वर्षभर, जानेवारी २०२२मध्ये, राज्य मंत्रिमंडळाने सुपरमार्केटात वाइन विकायला मान्यता दिली होती. समर्थक म्हणाले, वाइन म्हणजे दारू नव्हे, शेतकऱ्याच्या मालाला भाव आहे. अण्णा हजारेंनी उपोषणाचा इशारा दिला. निर्णय अंमलात आला नाही. दोन्ही बाजूंच्या भाषणांत शेतकरी होता, संस्कृती होती, आरोग्यही होतं. आपल्याला ती प्यायला आवडते, असं मात्र एकाही बाजूने म्हटलं नाही.