तयार कपडे उद्योग, मराठवाड्यातील

मापांच्या ठरावीक श्रेणीनुसार आधीच बेतून, शिवून विक्रीस ठेवलेल्या कपड्यांची निर्मिती आणि त्यांचा व्यापार. ही नोंद मराठवाड्याच्या छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद), जालना, बीड, परभणी, हिंगोली, नांदेड, लातूर आणि धाराशिव (पूर्वीचे उस्मानाबाद) या आठ जिल्ह्यांपुरती आहे. येथे कापूस मुबलक पिकतो आणि कपड्यांची बाजारपेठही मोठी आहे. कताई, विणाई, रंगाई हे मधले टप्पे मात्र बहुतांशी प्रदेशाबाहेर होतात. या उद्योगाचे आजचे स्वरूप समजून घेताना ही गोष्ट सर्वांत महत्त्वाची ठरते.

पूर्वपीठिका : मराठवाड्यातील कापड व्यापाराचा सर्वांत जुना स्पष्ट उल्लेख ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासवर्णनात आहे. त्याचा काळ पूर्वी इ. स. च्या पहिल्या ते तिसऱ्या शतकांदरम्यान कोठेही धरला जाई; आता बहुतेक अभ्यासक पहिल्या शतकाच्या मध्याकडे झुकतात. गुजरातमधील भडोच (भरूच) बंदराच्या दक्षिणेस वीस दिवसांच्या वाटेवर पैठण आणि तेथून पूर्वेस दहा दिवसांवर तगर ही मोठी बाजारपेठ असल्याचे त्यात म्हटले आहे. पैठणहून अकीकासारखे खडे, तर तगरहून साधे कापड मोठ्या प्रमाणावर, अनेक प्रकारची मलमल आणि ‘मोलोखिना’ नावाचे कापड गाड्यांतून बिकट वाटांनी भडोचला जात असे.

तगर म्हणजे कोणते गाव, यावर एकोणिसाव्या शतकात बराच वाद झाला. विल्फर्ड यांनी देवगिरी सुचवले, भगवानलाल इंद्रजी यांनी जुन्नर, तर रा. गो. भांडारकर यांचा कल धारूरकडे होता. जुन्नर पैठणच्या पश्चिमेस पडते; ‘पूर्वेस दहा दिवस’ हे वर्णन त्याला लागू पडत नाही. देवगिरीही पैठणच्या उत्तरेस आणि फार जवळ आहे. १९०१ मध्ये फ्लीट यांनी धाराशिव जिल्ह्यातील तेर हेच तगर, असे प्रतिपादन केले आणि पुढे तेच बहुमान्य झाले. तेर पैठणच्या नेमके पूर्वेस नसून आग्नेयेस आहे, हा आक्षेप शिल्लक राहतो. पण नावाचे ध्वनिसाम्य, ‘तगरपुरवराधीश्वर’ ही शिलाहार राजघराण्याची बिरुदावली आणि तेर येथे सापडलेले सातवाहनकालीन अवशेष एकत्र पाहिले, तर फ्लीट यांचे मत स्वीकारणे अधिक सयुक्तिक वाटते.

‘मोलोखिना’चा अर्थही निश्चित नाही. काहींच्या मते हे जांभळट रंगात रंगवलेले जाडेभरडे कापड, तर काहींच्या मते भेंडीच्या कुळातील एखाद्या वनस्पतीच्या तंतूंचे कापड. कापूस आणि अंबाडी दोन्ही याच कुळातील असून दोन्ही मराठवाड्यात होतात, त्यामुळे दुसरा अर्थही सहज बाजूला सारता येत नाही. या उल्लेखात साध्या कापडाला पहिले स्थान आहे, हे विशेष लक्षात घ्यावे. पैठणी आणि हिमरू यांच्या दिमाखामुळे मराठवाड्याचा वस्त्रेतिहास भरजरी कापडाचाच असल्याचा समज रूढ झाला. प्रत्यक्षात या प्रदेशाची सर्वांत जुनी नोंद सामान्यांच्या कपड्याची आहे.

हिमरू हे सुती ताण्यावर (उभ्या धाग्यांवर) रेशमी जादा बाण्याने (आडव्या धाग्याने) नक्षी विणलेले वस्त्र. ‘सारखे दिसणारे’ अशा अर्थाच्या फार्सी शब्दापासून हे नाव आल्याचे सांगतात. किनखाबासारखे, म्हणजे भरजरी रेशमी कापडासारखे दिसणारे, असा त्याचा रोख. १३२७ च्या सुमारास मुहंमद तुघलकाने राजधानी दौलताबादेस हलवली तेव्हा विणकर येथे आले, ही परंपरागत समजूत. मलिक अंबरने १६१० मध्ये वसवलेले खडकी आणि पुढचे मोगल औरंगाबाद यांच्या भरभराटीशी या कलेचा संबंध जोडणे अधिक सुरक्षित आहे. नांदेडच्या तलम मलमलीचा उल्लेख निजामकालीन गॅझेटियरमध्ये येतो.

यंत्रयुगात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस औरंगाबादेत कापडगिरणी सुरू झाली आणि नंतर नांदेडला उस्मानशाही मिल उभी राहिली. १९७४ च्या कायद्याने दोन्हींचे राष्ट्रीयीकरण झाले. पुढे दोन्ही बंद पडल्या. त्यांच्याबरोबर प्रदेशातले सूत-कापडाचे मोठे उत्पादन संपले, आणि तयार कपड्यांच्या धंद्याला जवळचे कापड मिळेनासे झाले.

कच्चा माल : एक क्विंटल कापसापासून सरकी काढल्यावर साधारण ३३ ते ३५ किलो रुई मिळते, सरकी तेल व पेंडीकडे जाते. रुईच्या १७० किलोच्या गाठी बांधून त्या सूतगिरण्यांकडे रवाना होतात. कताईतील घट आणि बेतताना पडणाऱ्या चिंध्या वजा धरल्या, तर एक क्विंटल कापसाच्या रुईत साध्या सुती शर्टाचे ८० ते ९० नग होऊ शकतात. शेतकऱ्याला मिळतो तो कापसाचा भाव. या नगांच्या किमतीतील बाकी बहुतेक वाढ प्रदेशाबाहेर होते. नांदेडच्या कापूस संशोधन केंद्राचा ‘नांदेड-४४’ हा संकरित वाण कोरडवाहू शेतकऱ्यांनी उचलून धरला होता. वाणापर्यंत आलेले हे कर्तृत्व कापडापर्यंत पोचू नये, याची खंत वाटते. त्यामागे पाणी हे मोठे कारण आहे. रंगाई-धुलाईला भरपूर पाणी लागते, आणि २०१६ मध्ये लातूर शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते.

राज्याच्या २०२३–२८ च्या वस्त्रोद्योग धोरणात कापसावरील प्रक्रियेचे प्रमाण ३० टक्क्यांवरून ८० टक्क्यांपर्यंत नेण्याचे उद्दिष्ट आहे.

बेतणी व शिलाई : कापड भिवंडी, इचलकरंजी, मालेगाव, सुरत येथून ताक्यांनी येते. धंद्याचा नफा-तोटा पुष्कळदा शिलाईआधीच, बेतणीच्या टेबलावर ठरतो, कारण कपड्याच्या खर्चात सर्वांत मोठा वाटा कापडाचा. ताके उलगडून थरावर थर पसरतात आणि सर्वांत वर ‘मार्कर’ म्हणजे सर्व मापांच्या भागांची आखणी ठेवतात. पाठ, पुढा, बाही, कॉलर, कफ यांचे तुकडे उभ्या धाग्याची दिशा न मोडता जितके दाटीने बसवता येतील तितके कापड वाचते. ५८ इंच पन्ह्याच्या (रुंदीच्या) कापडात एका शर्टाला सुमारे १.६ मीटर कापड लागते. मार्करमध्ये ८५ टक्क्यांऐवजी ८२ टक्के कापड उपयोगात आले, तर हजार शर्टांमागे सुमारे ५८ मीटर, म्हणजे ३६ शर्टांचे कापड चिंधीत जाते. चौकटीच्या कापडात रेघा जुळवाव्या लागत असल्याने नासाडी वाढते. कटिंग मास्टरचा पगार शिलाई कामगाराहून बराच जास्त असतो तो यामुळेच.

कापलेल्या तुकड्यांवर थराचा क्रमांक चिकटवून गठ्ठे करतात. एका ताक्याची छटा दुसऱ्याशी तंतोतंत जुळत नाही. क्रमांक चुकला तर बाही एका छटेची आणि पाठ दुसऱ्या छटेची निघते. पुढे कॉलर, बटणपट्टी, खांदा, बाही, बाजूची शिवण, घेर अशी कामे वेगवेगळ्या हातांत वाटली जातात. मग काज-बटण, दोरे कापणे, तपासणी, इस्त्री आणि घडी. एका शर्टाला प्रमाण वेळ २० मिनिटे धरली, तर ३० कामगारांकडून आठ तासांत ७२० शर्ट व्हायला हवेत. नव्या युनिटात निम्मेही होत नाहीत. एकच नमुना पुष्कळ दिवस चालला तर हात बसतो. छोट्या युनिटांकडे येणारे काम मात्र शंभर-दोनशे नगांचे आणि दर वेळी नव्या नमुन्याचे असते.

व्यवहाराची पद्धत : प्रमुख प्रकार जॉबवर्कचा. व्यापारी किंवा मोठा कारखाना कापड, दोरा, बटणे देतो आणि युनिट नगावर शिलाई घेते. यात भांडवल कमी गुंतते, पण भाव ठरवण्याची ताकद राहत नाही. स्वतः कापड घेऊन माल बनवणाऱ्याला दुकानदाराच्या उधारीचा भार सोसावा लागतो. वसुली पिकाच्या पैशावर अवलंबून असते. दिवाळीच्या आसपास कापूस-सोयाबीन विकले गेले की छत्रपती संभाजीनगरची गुलमंडी, लातूरची गंजगोलाई, नांदेडचा वजिराबाद येथील दुकानांत रोकड फिरते. बाकीचे हंगाम लग्नसराई, ईद आणि जूनमधील शाळा. दुकानांतील जीन्स बहुधा उल्हासनगरची, होजिअरी तिरुपूरची. सप्टेंबर २०२५ पासून २,५०० रुपयांपर्यंतच्या कपड्यावर ५ टक्के आणि त्याहून महाग कपड्यावर १८ टक्के वस्तू व सेवा कर आहे.

शालेय गणवेश हे स्थानिक शिलाईचे सर्वांत खात्रीचे काम. समग्र शिक्षा योजनेत एका गणवेशाला ३०० रुपये धरलेले आहेत. २०२४-२५ मध्ये राज्याने कापड एकत्रित खरेदी करून त्याची शिलाई ‘महिला आर्थिक विकास महामंडळा’मार्फत बचत गटांकडे दिली. गणवेश उशिरा पोचले, मापांविषयी तक्रारी आल्या, आणि वर्षअखेर हे काम पुन्हा शाळा व्यवस्थापन समित्यांकडे सोपवण्यात आले. गावातल्या शिंप्याने वर्गात जाऊन माप घेण्याची जुनी रीत या कामाला अधिक योग्य होती, असे दिसते.

कामगार : शिलाई यंत्रावर स्त्रियांची संख्या मोठी आहे. ब्लाउज, परकर, गाऊन यांची घरगुती शिलाई सर्वत्र चालते. बीड व लगतच्या भागात दसऱ्यानंतर ऊसतोडीसाठी कुटुंबेच्या कुटुंबे बाहेर पडतात, त्यामुळे हात बसलेल्या कामगार स्त्रिया ऐन हंगामात गावात नसतात. तांड्यांवरील बंजारा भरतकाम, काच व कवड्या बसवलेले, अलीकडे पिशव्या आणि जाकिटांवर दिसू लागले आहे.