ट्राम, कुंभार आणि देव : ‘चांगलं का वागायचं?’ या प्रश्नाची पार्श्वभूमी

अमेरिकेतल्या एका मोठ्या शहरात लोकांच्या सोयीसाठी ट्राम हवी होती. सरकारी मंजुरी काही केल्या मिळेना. शेवटी ट्रामच्या व्यवस्थापकाने अधिकाऱ्यांना पैसे चारले. मंजुरी लगेच हातात पडली, ट्राम सुरू झाली, लोक खूश झाले. पुढे लाचेचं प्रकरण बाहेर आलं आणि व्यवस्थापकावर खटला भरला गेला. पहिल्या ज्युरीचं एकमत होईना, म्हणून दुसरी बसवली. तिने त्याला दोषी ठरवलं. ज्याच्यामुळे अख्ख्या शहराची सोय झाली त्यालाच शिक्षा?

ही गोष्ट ‘गीतारहस्या’त आहे. पॉल केरस यांच्या नीतिशास्त्रावरच्या पुस्तकातून टिळकांनी ती घेतली. मंडालेच्या तुरुंगात १९१०-११ च्या हिवाळ्यात पेन्सिलीने लिहिलेला आणि १९१५ साली छापून आलेला हा ग्रंथ घरोघरी कपाटात असतो. त्यात ट्राम आहे हे मात्र फार थोड्यांना माहीत असतं. गीतेवरच्या पुस्तकात ट्राम आली कुठून, याचं उत्तर शोधायचं तर बरंच मागे जावं लागतं.

तत्त्वज्ञानाच्या पहिल्या वर्षाला ‘देव आहे का?’ आणि ‘चांगलं का वागायचं?’ हे दोन वेगळे धडे असतात. मुलं ते एका दमात विचारतात : देवच नाही म्हटलं तर उद्या कोण कुणाला भिणार? हा जोड सगळ्यांना फार जुना वाटतो. माझ्या मते तो आज दिसतो त्या रूपात आपल्याकडे दोनेकशे वर्षांपूर्वी, भर वादात घातला गेला.

जुन्या वादात काय होतं ते बघा. सातव्या शतकातला कुमारिल भट्ट हा वेदांचा कट्टर कैवारी. वेद कुणी रचलेच नाहीत असं मानणारा, यज्ञधर्मासाठी आयुष्य वेचलेला. पण जगाचा कर्ता कुणी ईश्वर आहे हे त्याला साफ अमान्य. त्याचे प्रश्न आजही वर्गात टाकले की मुलं ताठ बसतात. जग निर्माण होण्याआधी हा कर्ता कुठे उभा होता? शरीर नव्हतं तर इच्छा कुठून आली? दयेपोटी जग केलं म्हणता, तर तेव्हा दया करायला होतं कोण? आणि दयाच असती तर सगळे सुखीच जीव केले असते. त्याहून तिखट मुद्दा पुढेच आहे : समजा कर्त्याने स्वतः येऊन ‘जग मी केलं’ असं सांगितलं, तरी विश्वास कसा ठेवायचा? मोठेपणा मिरवायलाही कुणी तसं म्हणेल. इतकं बोलून हा गृहस्थ धर्माने वागायचं सोडत नाही. धर्म वेदातून कळतो, त्यासाठी देवाची सही लागत नाही, ही मीमांसकांची, म्हणजे वेदातल्या विधींनाच धर्म मानणाऱ्या कुमारिलाच्या परंपरेची भूमिका.

दुसऱ्या बाजूला नैयायिक, म्हणजे ईश्वर अनुमानाने सिद्ध करू पाहणारे न्यायदर्शनाचे पंडित. घट दिसला की कुंभार असणार, तसं अंकुर आणि पृथ्वी दिसली की त्यांचाही कर्ता असणार. यावर बौद्ध धर्मकीर्तीने वारुळाचं उदाहरण दिलं. वारूळही मातीचंच असतं, म्हणून ते कुंभाराने केलं म्हणाल का? दहाव्या शतकात उदयनाचार्यांनी ‘न्यायकुसुमांजली’त नैयायिकांची बाजू पुन्हा मजबूत बांधली. त्यांच्याविषयी एक आख्यायिका सांगतात. पुरीला जगन्नाथाचं दार बंद दिसलं तेव्हा ते देवालाच म्हणाले, ऐश्वर्याच्या मदात माझी अवज्ञा करतोस, पण बौद्ध समोर उभे ठाकले की तुझं अस्तित्व माझ्या हाती असतं! (देवाला असं सुनावणारा आस्तिक पुढे आपल्याला तुकोबांत भेटतो.)

या घासाघाशीत देव नीतीच्या जवळ येतो तो कर्मफळाच्या वाटेने. पाप-पुण्य हे जड, म्हणजे अचेतन आहे, कुऱ्हाड सुताराशिवाय चालत नाही तसं तेही कुणी चेतन चालवणारा असल्याशिवाय फळ देणार नाही, असं नैयायिक म्हणतात. मग जगात इतकी विषमता का, या आक्षेपावर शंकराचार्य पावसाची उपमा देतात. पाऊस सगळ्या शेतावर सारखाच पडतो. भात उगवतो की जव, ते बियाण्यावर ठरतं. म्हणजे ईश्वर हिशेब बघणारा. चांगलं काय नि वाईट काय हे ठरवणारा नव्हे. तुकोबांनी तर ‘पुण्य पर‍उपकार पाप ते परपीडा’ एवढ्यात काम उरकलं. त्या व्याख्येत देवाचं नाव नाही.

मिशनरी आले आणि वादाचा नूर पालटला. जॉन विल्सन १८२९ साली मुंबईत आले आणि दोन वर्षांत शास्त्रीमंडळींशी त्यांचे जाहीर वाद सुरू झाले. १८३१ साली मोरभट दांडेकरांनी हिंदू धर्माच्या बाजूने पुस्तक लिहिलं, पुढच्याच वर्षी विल्सननी त्याला उत्तर छापलं. मिशनऱ्यांचा मारा कुंभाराच्या अनुमानावर नव्हता. तो पुराणातल्या देवांच्या वागण्यावर होता. चोरी करणारा, कपट करणारा देव कसा असेल? खरा देव नीतिमानच हवा, आणि नीती त्याच्याच आज्ञेतून यायला हवी. कुमारिल आणि उदयन ज्यावर कधी भांडले नव्हते त्या मैदानात शास्त्रीबुवांना उतरावं लागलं. १८५७ च्या सुरुवातीच्या महिन्यांत विष्णुबुवा ब्रह्मचारी मुंबईच्या समुद्रकाठी मिशनऱ्यांना भिडले, तेव्हा वाळूत बघ्यांची गर्दी जमायची. अमेरिकन मिशनरी जॉर्ज बोवेन यांनी त्या चर्चा त्याच वर्षी पुस्तकरूपाने काढल्या.

शिकलेल्या तरुणांवर याचा परिणाम झाला तो वेगळाच. परमहंस सभेचे लोक १८४९ पासून गुपचूप जमून जातिभेद मोडायचे, ख्रिस्त्याच्या भट्टीतला पाव खायचे. सभासदांची यादी चोरीला गेली आणि सभा मोडली. १८६७ साली प्रार्थना समाज उभा राहिला : एकच निराकार, नीतिमान देव. मिशनऱ्यांची मागणी मान्य, फक्त त्यांचा ख्रिस्त वगळून तुकोबांचे अभंग घेतले.

आगरकरांनी देव आणि नीतीचा हा जोड उसवला. डेक्कन कॉलेजात मिल आणि स्पेन्सर हे इंग्रज तत्त्वज्ञ वाचलेल्या या टेंभूच्या मुलाने १८८८ साली ‘सुधारक’ हे साप्ताहिक काढलं. ‘देवतोत्पत्ति’ या निबंधात देवाची कल्पना माणसाच्या भीतीतून, मेलेल्या पूर्वजांच्या आणि निसर्गाच्या धाकातून कशी वाढत गेली ते त्यांनी मांडलं. आचार ठरवायचा तो माणसाच्या सुखदुःखाकडे बघून आणि बुद्धीला पटेल तसा. पुण्यात त्यांच्या जिवंतपणीच त्यांची प्रेतयात्रा काढली गेली. देव न मानणारा माणूस नीतीने कसा वागेल, या प्रश्नाला त्यांच्या लेखांपेक्षा त्यांच्या घराने जास्त चोख उत्तर दिलं असं मला वाटतं. तुटपुंज्या पगारावर कॉलेज चालवलं, आणि १८९५ साली चाळिशीही न गाठता गेले तेव्हा उशाशी पुडीत पैसे बांधून ठेवलेले सापडले : आपल्या अंत्यसंस्काराला कुणापुढे हात पसरावा लागू नये म्हणून.

टिळक त्यांचे कॉलेजमधले मित्र, पुढे कडवे प्रतिपक्षी. १८८२ साली दोघांनी डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस एकत्र काढले होते. ‘गीतारहस्या’त नाव मिलचं, बेंथॅमचं, स्पेन्सरचं येतं; मला मात्र तिथे पंधरा वर्षांपूर्वी गेलेल्या मित्राशी चाललेली वादावादी ऐकू येते. ज्याने जास्तीत जास्त लोक सुखी होतील ते योग्य, या मिल-बेंथॅमच्या ‘पुष्कळांचे पुष्कळ सुख’ तत्त्वावर टिळक तुटून पडतात. डोकी मोजून न्याय ठरत असेल, तर पांडवांचं सैन्य सात अक्षौहिणी आणि कौरवांचं अकरा; मग पांडव हरले असते तर जास्त लोक सुखी झाले असते, तेवढ्याने त्यांचा पक्ष अन्यायाचा ठरतो का? आणि मग ती ट्राम : बाहेरचा परिणाम चांगला, आतली बुद्धी मलिन.

पण गंमत पुढे आहे. मिल नको म्हणून टिळक मिशनऱ्यांच्या देवाकडे जात नाहीत. आत बसलेली सदसद्विवेकाची देवता आपल्याला सांगते, हा पक्षही ते स्वतंत्र प्रकरण लिहून बाजूला सारतात. ती कुणी वेगळी देवता नाही, ती आपलीच बुद्धी, असं त्यांचं म्हणणं. कांट आणि ग्रीन या पाश्चात्त्य तत्त्वज्ञांशी पडताळून बघत ते येऊन थांबतात ते सर्वांभूती एकच आत्मा या विचारापाशी, त्यातून येणाऱ्या साम्यबुद्धीपाशी, म्हणजे सगळ्यांना सारखं लेखण्यापाशी. टिळक आस्तिक आणि भक्तीला मानणारे, यात शंका नाही. तरी त्यांच्या नीतीचा पाया देवाची आज्ञा हा नाही. कुमारिलापासूनची सवय इतक्या सहज सुटत नसावी. माझी अडचण वेगळी आहे : बुद्धी शुद्ध आहे की नाही हे तपासणार कोण? करणारा स्वतःच ना? त्या व्यवस्थापकालाही आपण लोकहितच करतोय असं वाटत असेल.

हा वाद नंतर थांबला नाही. १९९० साली दि. य. देशपांडे यांनी नागपुरातून मासिक काढलं, त्याला नावच ‘नवा सुधारक’ दिलं; पुढे ते ‘आजचा सुधारक’ झालं.

जोतीराव फुले या रांगेत नीट बसत नाहीत, म्हणून त्यांना शेवटी ठेवलं. पक्षाघाताने उजवा हात गेल्यावर त्यांनी डाव्या हाताने ‘सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक’ लिहिलं. ते त्यांच्या मृत्यूनंतर, १८९१ साली आलं. त्यात देव आहे, त्याचं नाव निर्मीक. पण त्याला फुलं वाहायची नाहीत, त्याचा जप करायचा नाही. त्याने स्त्री-पुरुष सगळ्यांना सारखं केलं, तेव्हा एकमेकांशी सत्याने वागा. आणि एका घराचं चित्र आहे. बाईने बौद्ध ग्रंथ वाचून वाटलं तर बौद्ध व्हावं, नवऱ्याने बायबल वाचून ख्रिस्ती, मुलीने कुराण वाचून मुसलमान, मुलाने सार्वजनिक सत्यधर्मी. आणि चौघांनी एकाच छपराखाली, कुणी कुणाच्या धर्माचा हेवा न करता राहावं.