परक्या गावात दोन वर्षं : एका पद्धतीची पार्श्वभूमी

परदेशांत स्वयंसेवक पाठवणाऱ्या अमेरिकी सरकारच्या ‘पीस कॉर्प्स’ या संस्थेतर्फे आज कुणी सेनेगल किंवा पराग्वेच्या खेड्यात कामाला निघालं, की पुढचा क्रम ठरलेला असतो. पहिले साधारण तीन महिने त्याच देशात प्रशिक्षण, त्या काळात एखाद्या स्थानिक कुटुंबात मुक्काम, आणि मग नेमून दिलेल्या गावात दोन वर्षं. हे पहिल्यापासून असंच चालत आलं असेल असं वाटतं. प्रत्यक्षात सुरुवातीला यातली दोन वर्षांची मुदत तेवढी पक्की होती. बाकीचं सगळं ठेचा खाल्ल्यावर सुचलेलं आहे.

सरकारं या कामात उतरायच्या आधीची एक गोष्ट आपल्याकडची आहे. 15 जानेवारी 1934 च्या भूकंपाने उत्तर बिहार उद्ध्वस्त झाला, तेव्हा पिएर सेरेसोल हा स्विस अभियंता मुझफ्फरपूर भागात येऊन राहिला. युद्धात बेचिराख झालेली गावं उभारायला त्याने 1920 साली फ्रान्समध्ये वेगवेगळ्या देशांच्या स्वयंसेवकांचं शिबिर भरवलं होतं. बिहारमध्ये राजेंद्रप्रसादांच्या मदतकार्याशी जुळवून घेत त्याने आणि त्याच्या मोजक्या सोबत्यांनी पुराच्या पट्ट्यातली घरं उंचावर नव्याने बांधायला हातभार लावला. स्वतः कुदळ-फावडं हातात घ्यायचं, हा त्यांचा दंडक होता. पुढच्या सरकारी योजनांत हा साधेपणा कागदावर राहिला, पण माणसं मात्र हजारोंनी आली.

1 मार्च 1961 रोजी केनेडींनी पीस कॉर्प्सच्या आदेशावर सही केली आणि ऑगस्टअखेर पहिली तुकडी घानात उतरली. ती शिक्षकांची होती, त्यामुळे शाळा आणि वर्ग तयारच होते. अवघड काम कोलंबियाला गेलेल्यांचं. त्यांना थेट खेड्यांत राहून ‘ग्रामविकास’ करायचा होता. स्वयंसेवकाने लोकांसारखंच राहावं, म्हणून खर्चापुरता भत्ता स्थानिक चलनात मिळे. महिना 75 डॉलर मायदेशी साठत, ते परतल्यावर हातात पडायचे.

लोकांसारखं राहणं म्हणजे काय, याचा धडा ऑक्टोबर 1961 मध्येच मिळाला. नायजेरियात इबादानला प्रशिक्षण घेणाऱ्या एका तरुणीने घरच्या मित्राला पोस्टकार्ड लिहिलं आणि त्यात तिथल्या बकालपणाचं वर्णन केलं. ते कार्ड विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांच्या हाती लागलं, त्याच्या प्रती वाटल्या गेल्या, निषेधसभा झाल्या आणि तिला परतावं लागलं. नव्या जागी पहिल्या काही दिवसांत कुणाच्याही मनात येईल तेच तिने लिहिलं होतं. पण नायजेरिया स्वतंत्र होऊन जेमतेम वर्ष झालं होतं, आणि यजमानांनाही वाचता येतं, याचा विचार वॉशिंग्टनमध्ये बहुधा कुणी केला नव्हता.

त्या काळचं प्रशिक्षण पाहिलं की हसावं की रडावं कळत नाही. ते बरंचसं अमेरिकेतल्या विद्यापीठांतच व्हायचं. काही तुकड्यांना पोर्टो रिकोच्या जंगलातल्या शिबिरात पाठवत. तिथे कडे चढायचे, दिवसच्या दिवस एकट्याने रानातून चालायचं, हातपाय बांधून पाण्यात सोडलं की न घाबरता तरंगत राहायचं. वर मानसशास्त्रज्ञांची नजर, आणि सोबत्यांनीच एकमेकांना गुण द्यायचे. जो नापास होई त्याला मधूनच घरी धाडत. खेड्यात गेल्यावर मात्र कडा चढायची वेळ क्वचितच येई. सरपंच भेटेपर्यंत तीन-चार तास ओट्यावर बसून राहायची आणि मोडक्यातोडक्या भाषेत गप्पा मारायची सवय हवी असायची, ती या शिबिरात कुणीच लावली नव्हती.

भारतात नेहरूंनी थोड्याच जणांना परवानगी दिली आणि सुरुवात पंजाबातून झाली. 1961 च्या डिसेंबरात पहिली तुकडी आली. पुढे कुक्कुटपालन, शेती, कुटुंबनियोजन अशी कामं वाढली. जिमी कार्टर यांच्या आई लिलियन कार्टर 1966 मध्ये, वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी, विक्रोळीला गोदरेजच्या वसाहतीत आल्या त्या याच योजनेतून. 1971 च्या युद्धात दिल्ली-वॉशिंग्टन संबंध बिघडले आणि 1976 पर्यंत भारतातलं काम आटोपलं.

या सगळ्या इतिहासात मला सर्वांत मोलाचं वाटतं ते पेरूमधलं विकोस. अँडीजमधली ही मोठी जमीनदारी कॉर्नेल विद्यापीठाने 1952 मध्ये खंडाने घेतली आणि तिथल्या वेठबिगार शेतकऱ्यांना स्वतःचा कारभार चालवायला शिकवलं. दहा वर्षांनी त्यांनी जमीन विकत घेतली. पाठोपाठ पीस कॉर्प्सचे स्वयंसेवक आले. 1964 मध्ये गावाने मतदान घेऊन या पाहुण्यांना चक्क निघून जायला सांगितलं. नंतर त्यांतल्या काहींना परत बोलावलं, पण कोणाला बोलवायचं ते गावानेच ठरवलं. ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या मालकापुढे मान वर करता येत नव्हती, त्यांनी परदेशी सरकारच्या माणसांना बाहेर काढलं. ग्रामविकासाचा याहून मोठा पुरावा कोणता?

साठच्या दशकाच्या अखेरीपासून प्रशिक्षण हळूहळू अमेरिकेतून यजमान देशांत हललं. भाषा शिकवायला तिथलेच शिक्षक आले, जंगलातली शिबिरं मागे पडली आणि त्यांची जागा स्थानिक घरातल्या मुक्कामाने घेतली. पाणी कुठून भरायचं, कुणाच्या दारात आधी जायचं, कुणाला नावाने हाक मारायची नाही, हे आता त्या घरची बाई शिकवते, आणि चुकलं तर तिथल्या तिथे सांगते.