पहिली दुर्बीण घेताय? ‘किती एक्सची आहे?’ विचारण्याआधी एवढं वाचा

आम्ही दुर्बिणी विकतो. फोन असो नाहीतर मेसेज, पहिला प्रश्न ठरलेलाच, ‘ही किती एक्सची आहे?’, म्हणजे किती पट मोठं दाखवते? आम्ही म्हणतो ते आयपीसवर, म्हणजे डोळा लावायच्या छोट्या बदलत्या भिंगावर, अवलंबून आहे, आणि समोरच्याला वाटतं आम्ही उत्तर टाळतोय. टाळत नाही हो. मॅग्निफिकेशन नळीत बसवून येतच नाही. नळीच्या फोकल लेंग्थला (पुढच्या भिंगापासून किंवा आरशापासून चित्र जिथे उमटतं तिथपर्यंतचं अंतर) आयपीसच्या फोकल लेंग्थने भागायचं की झालं, म्हणजे 700 मिमीच्या नळीला 25 मिमीचं आयपीस लावलं तर 28 पट, 10 मिमीचं लावलं तर 70 पट. त्याच नळीला 4 मिमीचं आयपीस आणि मध्ये तीन पटीचा बार्लो, म्हणजे मॅग्निफिकेशन आणखी वाढवणारं जोडभिंग, घातला की कागदावर 525 होतात, आणि खोक्यावर हाच आकडा सगळ्यात मोठ्या अक्षरात छापलेला असतो. हिशोब बरोबर आहे, फक्त त्यातून बघण्यासारखं काही दिसत नाही.

कारण असं की आत उजेड किती येणार हे पुढच्या भिंगाच्या किंवा आरशाच्या व्यासावर ठरतं, आणि तेवढाच उजेड जितका ताणाल तितकं चित्र अंधुक आणि धूसर होत जातं. व्यास मिमीमध्ये जितका, त्याच्या दुप्पट ही साधारण मर्यादा धरा. 60 मिमीला 120 पट, 70 ला 140, तेही हवा अगदी स्थिर असेल तर. गॅलिलिओने 1610 मध्ये गुरूचे चार चंद्र शोधले ते साधारण 20 पटीच्या दुर्बिणीतून, आणि आजच्या साध्या दुर्बिणीचं भिंगसुद्धा त्याच्यापेक्षा कितीतरी चांगलं असतं.

आता मुख्य गोष्ट. ‘माल खराब निघाला, काहीच दिसत नाही’ म्हणून ज्या दुर्बिणी आमच्याकडे परत येतात त्यातल्या बहुतेकींना काहीही झालेलं नसतं. पहिल्याच रात्री सगळ्यात छोट्या आकड्याचं आयपीस लावलेलं असतं, कारण वाटतं जास्त मोठं म्हणजे जास्त चांगलं. मग होतं काय की दिसणारा आकाशाचा तुकडा चंद्राच्या एका कोपऱ्याएवढा उरतो, शनी त्यात आणता आणता मान अवघडते, कसाबसा आला तर फोकसच्या चाकाला बोट लागताच सगळं थरथरतं, आणि थरथर थांबेपर्यंत पृथ्वी फिरल्यामुळे तो पंधरा-वीस सेकंदांत बाहेर निघून जातो. तेच 25 मिमीचं आयपीस लावा, तीन पूर्णचंद्र शेजारी शेजारी मावतील एवढं आकाश दिसतं. आधी त्यात ग्रह मधोमध आणायचा, फोकस करायचा, मग 10 मिमीवर जायचं. हा क्रम कधीच मोडू नका.

दुसरं त्याच्याच जोडीचं, फाइंडर, म्हणजे नेम धरायला नळीवर बसवलेली छोटी दुर्बीण. तो दिवसाउजेडी जुळवायचा. लांबचा टॉवर किंवा खांबाचं टोक मोठ्या आकड्याच्या आयपीसमध्ये मधोमध आणा आणि मग फाइंडरचे स्क्रू फिरवून तेच टोक त्याच्याही मधोमध आणा, दहा मिनिटांचं काम आहे पण रात्री अंधारात करायला गेलात तर तास जातो. सूर्याच्या आसपास मात्र नळी चुकूनही वळवू नका, क्षणभरात डोळा कायमचा जातो. आयपीसला फिरवून लावायचा छोटा काळा सूर्य-फिल्टर कुठल्या सेटमध्ये मिळाला तर सरळ फेकून द्या, उष्णतेने तो तडकतो. सूर्याचा फिल्टर नळीच्या पुढच्या तोंडावरच लागतो, तो वेगळा घ्यायचा.

‘बाकीचे चार आयपीस, बार्लो, फिल्टर सगळं देतात, तुम्ही दोनच आयपीस का देता?’ हे आम्ही नेहमी ऐकतो. कारण बजेट ठरलेलं असतं, आणि जे पैसे त्या प्लॅस्टिकच्या भिंगांत जातात ते स्टँडमधून कापलेले असतात. आम्ही 25 आणि 10 अशी दोन चांगली देतो आणि उरलेला खर्च स्टँडवर करतो. कुठेही घ्या, पण नळीला हलकी टिचकी मारून बघा, दोन-तीन सेकंदांत चित्र स्थिर झालं तर ठीक, हलतच राहिलं तर तो स्टँड घेऊ नका, भले नळी कितीही छान असो.

मग घ्यायचं काय? बजेट मर्यादित असेल तर आमचं मत स्पष्ट आहे, टेबलावर ठेवायची 114 किंवा 130 मिमी आरशाची डॉब्सोनियन. जॉन डॉब्सनने लोकप्रिय केलेला हा साधा फिरता लाकडी स्टँड, त्यात बिघडण्यासारखं जवळपास काही नाही, आणि 130 मिमीचा आरसा 70 मिमीच्या भिंगाच्या जवळजवळ साडेतीन पट उजेड गोळा करतो. आरसे कधीतरी जुळवावे लागतात, तेवढं शिकून घ्यायचं. ते नको असेल, उचलून गच्चीत नेऊन लगेच बघायचं असेल तर 70 मिमीची भिंगाची घ्या, चंद्र आणि ग्रहांना छान आहे. एक मात्र बघा, नळी जेमतेम हातभर आणि कागदावर फोकल लेंग्थ 1000 मिमी असेल तर आत जादा भिंग बसवलेलं असतं, असली दुर्बीण नीट जुळवायला फार त्रास देते, आम्ही ठेवत नाही. आणि एवढंही बजेट नसेल तर 10×50 ची (10 पट, 50 मिमी व्यासाची भिंगं) बायनॉक्युलर घ्या, कृत्तिका त्यात दुर्बिणीपेक्षा देखण्या दिसतात.

फोटोतले रंग डोळ्याला दिसणार नाहीत हे आधीच सांगतो. देवयानी दीर्घिका म्हणजे एक फिकट पांढुरका ढग, पण तो उजेड सुमारे 25 लाख वर्षांपूर्वी निघालाय. चित्र उलटं दिसलं तर तेही बरोबरच आहे. चंद्र पौर्णिमेला नाही, अष्टमीच्या आसपास बघा, सावल्यांमुळे खड्डे उठून दिसतात. शनीची कडी 2025 मध्ये आपल्याला अगदी कडेने दिसत होती, त्या वर्षी खूप तक्रारी आल्या, आता ती हळूहळू उघडत जातील आणि 2032 च्या सुमारास सगळ्यात छान दिसतील. आणि खिडकीच्या काचेतून बघू नका, बाहेर या, नळी अर्धा तास बाहेर ठेवून थंड होऊ द्या.

दुर्बीण आमच्याकडून घेतलेली असो वा नसो, घेऊन या, फाइंडर जुळवून देतो आणि आरसेही बघून देतो, त्याचे पैसे घेत नाही. फक्त येताना सगळे आयपीस सोबत आणा आणि अंधार पडायच्या आत या.